रडारच्या फिटिंगचा अनुभव, मिरकरवाडा बंदर

जूनमध्ये मासेमारीची बंदी लागून नौका वर ओढली तेव्हाच ठरवलेलं की यंदा रडारचं काम नीट करून घ्यायचं, कारण आधीच्या फिटरने स्कॅनर, म्हणजे रडारच्या लहरी सोडणारा भाग, केबिनच्या टपावर इतका खाली बसवलेला की टपावर माणूस उभा राहिला की तो बरोबर तोंडासमोर, आणि दोन सीझन आमचे खलाशी डोलकाठीवरचा दिवा बदलायला तसेच चढत होते, रडार चालू ठेवून. त्यात धोका असतो हे मला कोणी सांगितलंच नव्हतं हो.

बंदराकडे जाताना मरीन इलेक्ट्रॉनिक्सचं छोटं दुकान आहे तिथे गेलो, तर त्या दादांनी मशीनचं नंतर, पहिलं विचारलं "टपावर कोण कोण चढतं?" मग नौकेवर येऊन आमच्या तांडेलाला (नौका चालवणाऱ्या प्रमुखाला) टपावर उभं केलं, टेप लावला आणि त्याच्या डोक्याच्या बऱ्याच वर खडूने खूण केली, म्हणाले स्कॅनर इथे. रडारच्या लहरींचा झोत, म्हणजे बीम, आडवा बारीक असतो पण उभ्यात पंचवीसेक अंश पसरतो, म्हणून नुसतं डोक्याच्या जरा वर असून चालत नाही.

पोरं घाबरलेली, रडारने मूल होत नाही वगैरे ऐकलेलं. दादांनी नीट समजावलं की हे एक्सरेसारखं नाही, याने अंग तापतं, आणि डोळ्याच्या भिंगात रक्त फिरत नाही म्हणून तिथली उष्णता लवकर निघत नाही, डोळा जपायचा तो यासाठी. आमचं ४ किलोवॅटचं आहे पण ती ताकद मायक्रोसेकंदाच्याही आतल्या झटक्यांची, सरासरी काढली तर काही वॅटच. आयसीएनआयआरपी म्हणून आंतरराष्ट्रीय संस्था आहे तिची मर्यादा या फ्रिक्वेन्सीला सामान्य माणसासाठी चौरस मीटरला १० वॅट आणि ट्रेनिंग घेतलेल्या कामगाराला ५०. लहरी किती अंतरावर या १० वॅटपर्यंत उतरतात ते मॅन्युअलमध्ये छापलेलं असतं, आमच्या मॉडेलचं दोन मीटरच्या आत निघालं. दादांनी तीन मीटर धरलं, खलाशी काय ट्रेनिंग घेतलेले नाहीत म्हणाले, आणि मला हे फार पटलं.

सगळ्यात आवडलं ते म्हणजे स्वतः वर चढायच्या आधी त्यांनी फ्यूज काढून खिशात टाकला. नुसतं स्टँडबायवर (मशीन चालू, लहरी बंद) ठेवून चढायचं नाही, खालून कोणी चुकून बटण दाबलं तर? आता आमच्याकडे तोच नियम, जो चढेल त्याच्या खिशात फ्यूज. केबिनच्या मागच्या बाजूला बीम बंद राहील अशी सेटिंगपण करून दिली, जाळं ओढताना माणसं तिकडेच असतात ना.

तक्रार एकच, काम दोन दिवस लांबलं आणि सूचनांचा कागद इंग्रजीत दिला. आमच्या तांडेलाला तो वाचता येत नाही, मग मीच मराठीत लिहून लॅमिनेट करून सुकाणूजवळ लावला. दादा म्हणाले त्याचा फोटो पाठवा, पुढच्या गिऱ्हाईकांना तोच देतो. पाठवलाय.