मालदीवला हनिमून: व्हिला नंतर बघा, आधी रीफ बघा

मार्चच्या शेवटी आम्ही दोघं मालदीवला जाऊन आलो आणि आल्यापासून ओळखीतलं प्रत्येक नवीन जोडपं एकच विचारतंय, पैसे वसूल झाले का. झाले, शंभर टक्के झाले. पण ज्याच्यासाठी सगळे तिकडे जातात, म्हणजे तो पाण्यावरचा व्हिला, त्याच्यामुळे नाही झाले, किनाऱ्याला लागून असलेल्या कोरल रीफमुळे, म्हणजे पाण्याखालच्या प्रवाळाच्या खडकांमुळे झाले, आणि हे बुकिंगच्या आधी कोणी धड सांगत नाही म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

फोटोत जे निळंशार पाणी दिसतं ना, ते तसं दिसतं कारण पाणी उथळ असतं आणि खाली नुसती पांढरी वाळू असते. फोटोला एक नंबर. पण मासे वाळूवर फारसे नसतात, ते रीफला असतात, आणि पाण्यावर व्हिला बांधायला मोठं उथळ लगूनच, म्हणजे रीफच्या आतलं शांत पाणी, लागतं, त्यामुळे ज्या रिसॉर्टचे फोटो सगळ्यात भारी त्याची रीफ बऱ्याचदा किनाऱ्यापासून लांब असते. मग स्नॉर्केलिंगला, म्हणजे मास्क आणि नळी लावून पाण्यावर तरंगत खाली बघायला, रोज बोट, आणि बोटीचे माणशी वेगळे डॉलर. तिकडे एका बेटावर एकच रिसॉर्ट अशी पद्धत आहे, त्यामुळे एकदा पोचलात की इथे नाही आवडलं तर शेजारी जाऊ असं चालत नाही. शिवाय १९९८ आणि २०१६ साली समुद्राचं पाणी तापून तिथलं खूप कोरल पांढरं पडून मेलं, काही ठिकाणी परत आलंय, काही ठिकाणी अजून नुसती दगडांची रास आहे. म्हणून बुकिंग करताना रिसॉर्टला सरळ ईमेल करा आणि दोनच गोष्टी विचारा: हाऊस रीफ, म्हणजे बेटाला लागूनच असलेली रीफ, आहे का, आणि बीचवरून पोहत जायला किती मीटर. उत्तर गोलमोल आलं तर समजून जा.

आमचं रिसॉर्ट बा ॲटॉलमध्ये होतं, ॲटॉल म्हणजे कड्यासारख्या गोल रीफवरच्या बेटांचा समूह. हा सगळा ॲटॉल २०११ पासून युनेस्कोचा बायोस्फियर रिझर्व्ह, म्हणजे निसर्ग जपायचं क्षेत्र, आहे आणि तिथलं हनिफारू बे मांटा रेसाठी, म्हणजे पंख पसरल्यासारख्या मोठ्या चपट्या माशांसाठी, प्रसिद्ध आहे, पण मांटांचा सीझन पावसाळ्यात असतो, साधारण जून ते नोव्हेंबर, आणि आम्हाला हवं होतं कोरडं ऊन आणि शांत समुद्र, म्हणून मांटा सोडून दिले. मांटाच बघायचे असतील तर मुद्दाम ऑगस्ट-सप्टेंबरला जा, रेट पण कमी असतात, फक्त एखादा दिवस पावसात जाईल ही तयारी ठेवा.

आम्ही पहिले दिवस बीच व्हिला आणि नंतरचे दिवस वॉटर व्हिला असं घेतलं होतं. वॉटर व्हिला सुंदर आहे, त्यात वादच नाही, डेकवरून जिना थेट पाण्यात, आणि जिन्याखाली संध्याकाळी ब्लॅकटिप शार्कची हातभर लांबीची पिल्लं फिरतात, पंखाच्या टोकाला काळा ठिपका स्पष्ट दिसतो. कोणाला काही करत नाहीत, उलट आपण पाय टाकला की तीच पळतात. पण जेट्टीवरून रेस्टॉरंटपर्यंत जायला भर उन्हात लांब चालायचं नाहीतर बग्गीची वाट बघायची, वारा सुटला की डेकवर बसवत नाही आणि रात्रभर खाली पाण्याची थापथाप. बीच व्हिलाला झाडांची सावली, बाथरूमला वर आकाश, आणि उठलं की मास्क घालून पाण्यात. आणि रेट बऱ्यापैकी कमी. परत गेलो तर पूर्ण ट्रिप बीच व्हिलाच.

आता रीफबद्दल. माझ्या नवऱ्याला पोहता येत नाही. तिथला इन्स्ट्रक्टर शेजारच्याच बेटावरचा मुलगा होता, त्याने याला लाइफ जॅकेट घालून आधी कमरेएवढ्या पाण्यात नुसता तोंडाने श्वास घ्यायचा सराव करून घेतला, घाई नाही, ओरडणं नाही, आणि मग रिंगला धरून आम्हाला दोघांना हळूहळू कडेपर्यंत नेलं. कडा म्हणजे जिथे रीफ संपते आणि खाली एकदम गडद निळं सुरू होतं. तिथे पोचल्यावर याने माझा हात जो घट्ट धरला तो बाहेर येईपर्यंत सोडला नाही. पाण्यात कान गेले की सारखा कुरकुर कुरकुर आवाज येतो, तो पॅरटफिशचा, चोचीने कोरल खरवडून खात असतो, त्यातलं शेवाळ पोटात राहतं आणि बाकीचा चुरा वाळू होऊन मागून बाहेर पडतो. आमच्या डोळ्यासमोर पडला, पांढऱ्या धुरासारखा! ज्या वाळूवर आपण झोपतो त्यातला मोठा भाग असाच तयार झालेला आहे हे रिसॉर्टच्या मरीन बायोलॉजिस्टने संध्याकाळच्या टॉकमध्ये सांगितलं, तो टॉक फुकट असतो आणि फार थोडे लोक येतात, नक्की जा. एक हॉक्सबिल कासव पण दिसलं, फटीत तोंड खुपसून स्पंज ओढून ओढून खात होतं, आमच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. प्लीज तिथे कोरलवर उभे राहू नका, दमलात तर पाठीवर तरंगा. आणि कोरल, शंख-शिंपले काही बॅगेत घालून आणायचं नाही, कायद्याने बंदी आहे.

खर्चाचं नीट समजून घ्या. आमच्या एजंटने पहिल्यांदा जो रेट पाठवला त्यापुढे दोन प्लसची चिन्हं होती आणि त्याचा अर्थ मी तीनदा विचारल्यावर सांगितला, हे मला अजिबात आवडलं नाही. अर्थ असा की १०% सर्व्हिस चार्ज आणि त्या सगळ्यावर १७% जीएसटी, म्हणजे ५०० डॉलरचं काहीही असो, बिल ६४३ च्या पुढे जातं. वर ग्रीन टॅक्स, रिसॉर्टमध्ये माणशी रोज १२ डॉलर, म्हणजे जोडप्याला रात्रीचे २४. जेवण, पाण्याची बाटली, मसाज, सगळ्याला हेच प्लस प्लस. त्यामुळे निदान हाफ बोर्ड, म्हणजे ब्रेकफास्ट आणि एक जेवण, तरी घ्याच, नुसत्या ब्रेकफास्टवर गेलात तर दुपारचं साधं सँडविच खाताना पण आकडेमोड होते, हनिमूनला ते नको. दारू पिणारे असाल तर ऑल इन्क्लुझिव्ह, म्हणजे खाणं-पिणं सगळं धरून. इथून ड्युटी फ्रीची बाटली नेऊ नका, ती एअरपोर्टवर काढून ठेवतात, परत जाताना मिळते.

सीप्लेन हा अनुभव खरंच घ्यावा असा आहे. छोटं विमान, पायलट अनवाणी, कानात घालायला बोळे देतात, आणि खाली एकामागून एक ॲटॉलच्या कड्या, खिडकीवरून डोळे हलत नाहीत. पण सीप्लेन फक्त दिवसाउजेडी उडतं, आणि वेळ आधल्या संध्याकाळीच कळते. लाउंजमध्ये आम्हाला खूप वेळ बसवून ठेवलं, कोणी विचारायला नाही, लग्नानंतरच्या थकव्यात ते जड गेलं. सामान पण २० किलो आणि हातातलं ५, जास्तीचे पैसे पडतात. फ्लाइट संध्याकाळी उशिरा पोचत असेल तर बा ॲटॉलला दुसरा मार्ग आहे, धरवंधूपर्यंत साधं डोमेस्टिक विमान आणि पुढे स्पीडबोट, स्वस्त पडतं आणि अंधार पडल्यावरही चालतं.

जेवणाचं कौतुक करावं तेवढं कमी. नवरा शाकाहारी आहे, पहिल्याच दिवशी शेफ टेबलपाशी येऊन विचारून गेला आणि मग रोज डाळ, भाजी, गरम फुलके, बुफेत नसलं तरी आतून यायचं. मी मात्र रोज सकाळी मासहुनी, म्हणजे टूनाचा चुरा, ओलं खोबरं, कांदा, मिरची, लिंबू हाताने कालवलेलं आणि बरोबर रोशी, पातळ चपातीच म्हणा. कोकणातल्या माणसाला पहिल्या घासाला घरचं वाटेल असं आहे, पॅनकेकच्या रांगेत उभं राहून हे चुकवू नका.

हनिमून ऑफरसाठी मॅरेज सर्टिफिकेटची कॉपी मागतात, लग्नानंतर किती महिन्यांपर्यंत चालेल ते प्रत्येक रिसॉर्टचं वेगळं, त्यामुळे रजिस्ट्रेशन आधी उरकून घ्या. आम्हाला केक, फुलांनी सजवलेला बेड आणि एक कपल मसाज मिळाला, मसाज मस्त होता. बीचवरचा कँडल लाइट डिनर मात्र पैसे भरून घेतला तो घेऊ नका. मेनू सगळा लॉबस्टर आणि स्टेकचा, शाकाहारी माणसापुढे एक रिसोटो ठेवला आणि दर तेवढाच लावला. त्याच पैशात संध्याकाळी धोणीतून, म्हणजे तिथल्या पारंपरिक बोटीतून, डॉल्फिन बघायला जा, किंवा रात्रीचं गाइडेड स्नॉर्केलिंग करा, टॉर्चच्या उजेडात झोपलेला पॅरटफिश बघायला मिळतो.

व्हिसा फुकट, उतरल्यावर मिळतो, फक्त निघण्याच्या आधीच्या ९६ तासांत इमुगा नावाच्या साइटवर दोघांचा फॉर्म भरायचा. त्याचेही पैसे घेणाऱ्या बनावट साइट आहेत, तिथे भरू नका. टिपसाठी सुटे डॉलर न्या. आणि बेटावर पोचल्या पोचल्या वेळ विचारून घ्या, मालदीव आपल्या अर्धा तास मागे आहे पण बरीच रिसॉर्ट उजेड जास्त मिळावा म्हणून स्वतःची घड्याळं एक तास पुढे ठेवतात, परतीच्या सीप्लेनच्या वेळी कुठलं घड्याळ धरायचं ते रिसेप्शनला आदल्या रात्रीच पक्कं करा.