साठच्या दशकातलं म्हणून नवं जॅकेट गळ्यात मारलं, थ्रिफ्ट स्टोअरमध्ये व्हिंटेज घेणाऱ्यांनी वाचा

थ्रिफ्ट स्टोअरमधून कपडे घेणाऱ्यांसाठी लिहितेय, त्यातही व्हिंटेज म्हणून जे जास्त पैसे मोजतात त्यांच्यासाठी. डाग निघाला, बटण तुटकं होतं, चेन अडकते असली तक्रार नाहीये ही, सेकंडहँड म्हटलं की तेवढं चालायचंच. मला जे विकलं त्यात जॅकेट खरं होतं आणि त्यावरचं लेबलही खरं होतं, फक्त त्या दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता. दुसऱ्याच गाडीची नंबरप्लेट लावून गाडी विकावी तसा प्रकार.

दुकानात साध्या कपड्यांचे रॅक बाहेर आणि व्हिंटेजचा रॅक काउंटरच्या मागे, म्हणजे स्वतः हाताळायचं नाही, मागितलं की तो काढून दाखवणार. लिवाईसचं डेनिम जॅकेट होतं, हँगरला पुठ्ठ्याचा टॅग आणि त्यावर पेनाने लिहिलेलं सिक्स्टीज, ओरिजिनल, बिग ई. किंमत त्याच कंपनीच्या नव्या जॅकेटच्या दुपटीच्या वर.

ज्यांना बिग ई माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते. लिवाईसच्या खिशाला जी छोटी लाल पट्टी शिवलेली असते ती 1936 पासून आहे, आणि 1971 पर्यंत त्यावर कंपनीचं नाव सगळं कॅपिटल अक्षरांत असायचं, त्यानंतर ई लहान झाला. म्हणून जुन्या डेनिमचे शौकीन आधी पट्टीवरचा ई बघतात, आणि मोठा ई दिसला की किंमत कुठल्या कुठे जाते. हे विकणाऱ्यांनाही पक्कं माहितीये, इथेच तर सगळी गोम आहे. (काही पट्ट्यांवर नावच नसतं, फक्त गोलातला आर (ट्रेडमार्कची खूण) असतो, त्याही खऱ्या असू शकतात, कंपनीच मुद्दाम तशा काढते, तेवढ्यावरून नकली म्हणून ओरडू नका.)

मी विचारलं, साठच्या दशकातलं कशावरून? तर दुकानदाराने जॅकेट उलटं केलं आणि म्हणाला, "ताई, आतून बघा, वॉशकेअरचं लेबल आहे का कुठे? नाही ना? अमेरिकेत ते लेबल 72 पासून कंपल्सरी झालं, म्हणजे हे त्याच्या आधीचं." आता गंमत बघा, यातली माहिती खोटी नाहीये. धुण्याच्या सूचना कपड्यावर कायमच्या लावायचा नियम तिकडे खरंच 1972 मध्ये लागू झाला. खरी माहिती पुढे करून खोटा माल खपवणं ही याची स्टाईल, आणि समोरचा वर्ष-बिर्ष सांगायला लागला की आपल्याला वाटतं याला कळतंय बुवा.

बिल करताना त्याने पुठ्ठ्याचा टॅग कात्रीने कापला आणि काउंटरखालच्या डब्यात टाकला, आणि कॅश देत असाल तर थोडं कमी करतो म्हणाला. बिलावर काय लिहिलं तर "जॅकेट युज्ड, नग 1". सिक्स्टीज नाही, ओरिजिनल नाही, ब्रँडचं नावसुद्धा नाही. त्या कात्रीचं आणि त्या कॅशचं महत्त्व पुढे कळेल.

पुढे जॅकेटचं मनगटाचं बटण सैल झालं म्हणून टेलरकाकांकडे टाकलं. त्यांना डेनिमचा इतिहास वगैरे काही माहिती नाही, पण शिवण बघायची सवय हाडात मुरलेली. ते म्हणाले, "ही लाल पट्टी नंतर लावलीय बघ, बाकी सगळी मशीनची शिवण आहे, इथे तेवढं हाताने घातलंय." आणि खिशाची कड भिंगाखाली धरून दाखवली. पट्टीच्या शेजारी आधीच्या सुईची बारीक भोकं रांगेत दिसत होती, म्हणजे आधी तिथे दुसरी पट्टी होती, ती उसवून ही घुसवलेली. दोऱ्याचा रंगही जुळत नव्हता, खिशाचा दोरा धुऊन धुऊन फिका नारिंगी झालेला आणि पट्टीचा करकरीत.

मग आम्ही दोघांनी मिळून ते जॅकेट आतून बाहेरून पालथं घातलं. डाव्या बाजूच्या शिवणीत, अगदी खाली, पांढऱ्या सॅटिनसारख्या कापडाचं एक टोक सापडलं, नखाच्या कडेएवढं असेल, त्यावर काळ्या छपाईची अर्धी कापलेली अक्षरं. तेच वॉशकेअरचं लेबल! नव्हतं कसलं, होतंच, शिवणीला घासून कापलं होतं. म्हणजे लेबल नाही म्हणून जुनं असं जो मला शिकवत होता त्यानेच (किंवा त्याच्या कुणीतरी) ते छाटलेलं. मला याचाच जास्त राग आला, पैशांपेक्षा.

एकदा संशय आल्यावर बाकीचं भराभर दिसायला लागलं. जॅकेटला कमरेपाशी दोन तिरके खिसे होते, हात घालायचे. लिवाईसच्या साठच्या दशकातल्या जॅकेटला फक्त छातीवरचे दोन खिसे असतात, हे बाजूचे खिसे 80 च्या दशकात आले. कोपरापाशी कापड दोन्ही हातांनी ताणलं तर ताणलं गेलं आणि सोडल्यावर परत जागेवर आलं, म्हणजे आत इलॅस्टेन (ताणला जाणारा कृत्रिम धागा) आहे, त्या काळातलं जॅकेट निव्वळ कॉटनचं, ते असं रबरासारखं खेचलं जात नाही. थोडक्यात, कुठल्यातरी फाटक्या जुन्या जीन्सची खरी पट्टी काढून अलीकडच्या जॅकेटवर चढवली. कंपनीचं खरं जॅकेट आणि कंपनीची खरी पट्टी, त्यामुळे ओरिजिनल शब्दाला पण तो धरून बसू शकतो. आणि हेही लक्षात ठेवा की कंपनी स्वतःच जुनी डिझाईन्स नव्याने काढते, त्यावरही मोठा ई असतो, त्यात काही चोरी नाही, पण तेच आतलं लेबल कापून जुनं म्हणून विकायला कितीसा वेळ लागतो. नुसत्या ई वर अजिबात जाऊ नका.

परत दुकानात गेले. आधी तर ओळखच दाखवेना. मग म्हणे आमच्याकडे माल गाठोड्यात येतो, जसा आला तसा विकतो, आम्ही काय शिवत बसत नाही. मग म्हणे सिक्स्टीज असं आम्ही बोललोच नाही, बिल दाखवा. टॅग कापून डब्यात का गेला ते इथे उलगडलं. पण ट्राय करताना मी बहिणीला फोटो पाठवला होता, बरा दिसतोय का विचारायला, आणि त्यात तो टॅग हँगरसकट स्वच्छ आलाय. फोटो दाखवल्यावर आवाज खाली आला, "ताई, सिक्स्टीज म्हणजे सिक्स्टीज स्टाईल." असं का! मग स्टाईल लिहायला पेनातली शाई संपली होती का, हे मी खरंच विचारलं.

तो वाद चालू असताना मी त्या मागच्या रॅकवरचे बाकीचे कपडे उलटून बघितले, या वेळी विचारलं नाही. एकामागोमाग एक, आतली लेबलं तशीच छाटलेली, शिवणीला घासून, एकाच हातची सफाई. लोक टोचतं म्हणून लेबल कापतात हे मान्य, पण लोक मानेमागचं कापतात आणि कसंही कापतात, अर्धं राहतं, धागे लोंबतात. एवढ्या सगळ्या वेगवेगळ्या माणसांना कमरेपाशीच टोचलं?

तिथेच प्युअर वूल लिहिलेला एक स्वेटर होता, त्याचंही लेबल गायब. लोकर ओळखायची तर आतल्या शिवणीतला एक धागा मागून घ्या आणि घरी चिमट्यात धरून पेटवा, खरी लोकर केस जळल्यासारखी वास मारते आणि राख बोटाने चुरडली जाते, ॲक्रिलिक किंवा पॉलिस्टर वितळून कडक गोळी होते. लेदरच्या जॅकेटचं मी बोलतच नाही, कॉलरच्या घडीत आणि काखेत बघा, पापुद्रे सुटत असतील तर ते पीयू, म्हणजे प्लास्टिकचा थर दिलेलं नकली लेदर आहे, आणि ते एकदा सुटायला लागलं की थांबत नाही.

अमेरिकन मालावर लेबल शाबूत असेल तर त्यावर बऱ्याचदा आरएन किंवा डब्ल्यूपीएल असा कंपनीचा नोंदणी नंबर असतो, तो तिथल्या एफटीसीच्या (व्यापारावर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) साईटवर फुकट टाकून बघता येतो, कुठल्या कंपनीचा ते लगेच कळतं. लेबल छाटण्यामागे हेही एक कारण असणार.

पैशांचं काय झालं तर, त्याने क्रेडिट नोट देऊ केली, तीही मुदतीची, म्हणजे त्याच छाटलेल्या लेबलांच्या रॅकवर मी पुन्हा खरेदी करायची. मी नाही घेतली. बँकेत विचारलं तर ते म्हणाले कार्डने पैसे दिले असते तर वर्णनाप्रमाणे माल नाही म्हणून डिस्प्यूट टाकता आला असता, टॅगचा फोटो आहेच, पण कॅशला आम्ही काय करणार. कॅशवर थोडं कमी करतो म्हणाला होता ना, ते एवढ्यासाठी. आता व्हिंटेज काही आवडलं की मी आधी म्हणते, टॅगवर जे लिहिलंय ते बिलावर लिहून द्या, वर्षासकट, आणि कार्ड पुढे करते. परवा एका दुसऱ्या दुकानात असं म्हटलं तर त्या बाईंनी कपडा हळूच परत हँगरला लावला आणि हा विकायचा नाहीये म्हणाल्या.