खोक्यावर एलडॅक, कानात एएसी

गेल्या दसऱ्याच्या मुहूर्तावर मी ४,४९९ रुपये मोजून बिनतारी इअरबड्स विकत घेतले. त्याच कंपनीचे, दिसायला जवळपास तसेच, आणखी एक मॉडेल त्याच काचेच्या कपाटात २,७९९ रुपयांना ठेवलेले होते. दोहोंतला फरक विक्रेत्याने एका शब्दात सांगितला, तो शब्द म्हणजे एलडॅक, ब्लूटूथवरून अधिक भरघोस आवाज पाठवण्याची एक पद्धत. त्या शब्दासाठी मी १,७०० रुपये जास्त दिले. तो शब्द खोक्यावर ठळक छापलेला होता, पण आतल्या वस्तूत नव्हता, हे मला भाऊबीजेच्या दिवशी, म्हणजे तीन आठवड्यांनी कळले. दुकानाचे किंवा कंपनीचे नाव मी येथे देत नाही. ही युक्ती इतकी सोपी आहे की ती कोणीही कोठेही करू शकेल, तेव्हा नावापेक्षा ती कशी चालते हे सांगणे अधिक उपयोगाचे.

कोडेक म्हणजे काय, हे मला तोवर ढोबळमानाने माहीत होते, आणि अशी अर्धवट माहिती असलेले गिऱ्हाईकच विक्रेत्याला सर्वांत सोयीचे असते. सीडीवरचा आवाज सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट इतकी माहिती घेऊन येतो. एवढा ओघ ब्लूटूथच्या नेहमीच्या जोडणीतून सलग नेणे कठीण असल्यामुळे फोन ती माहिती आवळून पाठवतो आणि इअरबड्स ती पुन्हा उलगडतात. आवळण्या-उलगडण्याच्या या पद्धतीला कोडेक म्हणतात. या नेहमीच्या जोडणीवरून संगीत ऐकवणाऱ्या प्रत्येक उपकरणात एसबीसी हा कोडेक असावाच लागतो आणि त्याचा दर सर्वसाधारणपणे ३२८ किलोबिटपर्यंत जातो. एएसी आता बहुतेक फोनांत असतो, क्वालकॉमचा ॲप्टएक्स आणि त्याची भावंडे काही फोनांत असतात, आणि सोनीने २०१५ मध्ये आणलेला एलडॅक ३३०, ६६० व ९९० किलोबिट अशा तीन पायऱ्यांवर चालतो. मात्र कोणताही कोडेक दोन्ही टोकांना असावा लागतो. एका टोकाला तो नसेल, तर दोन्ही उपकरणे गुपचूप दोघांनाही येणाऱ्या पद्धतीवर उतरतात. गाणे वाजत राहते, पडद्यावर कसलीही सूचना येत नाही, आणि फसवणाऱ्याचे काम या मुकेपणानेच सोपे केलेले असते.

माझ्या वडिलांनी आकाशवाणीवरच्या मैफली वर्षानुवर्षे कॅसेटवर भरून ठेवल्या होत्या. त्या मी मोठ्या खटपटीने संगणकावर उतरवल्या आणि पिंपरीच्या कार्यालयात जाता-येता मेट्रोत ऐकायच्या असे ठरवले. कॅसेटच्या खरखरीला ९९० किलोबिटांचे मखर कशाला हवे, असा प्रश्न कोणी विचारला तर माझ्याकडे उत्तर नाही. हौसेला हिशेब नसतो, एवढेच म्हणता येईल.

दुकानात मी एवढेच विचारले होते की, यात एलडॅक नक्की आहे ना. विक्रेता म्हणाला, “सर, ब्लूटूथ ५.३ आहे, म्हणजे कोडेक सगळे आलेच.” हे वाक्य मला त्या वेळी पटले. ते साफ चूक आहे. ब्लूटूथच्या आवृत्तीचा आकडा जोडणीच्या तंत्राविषयी काही सांगतो, पण एलडॅक त्यात आपोआप येत नाही, तो घ्यायचा की नाही हे उपकरण बनवणारा ठरवतो. ५.० आवृत्तीच्या इअरबड्समध्ये एलडॅक असू शकतो आणि ५.३ आवृत्तीच्या इअरबड्समध्ये तो नसू शकतो.

त्यानंतर त्याने मला नमुना ऐकवला. कपाटातून एक उघडलेली जोडी काढून, आपल्या खिशातला फोन तिला जोडून, त्याने एका चित्रपटगीताचा सुरुवातीचा तुकडा वाजवला आणि म्हणाला, “बघा, हा एलडॅक. लॉसलेस गाणं आहे.” तबल्याचा ठेका छान ऐकू आला. मी मान डोलावली आणि पैसे दिले. त्याच्या हातात आयफोन होता, आणि हा तपशील मला तीन आठवड्यांनी, बहिणीच्या घरी जेवणाच्या पानावर बसलेलो असताना आठवला. ॲपलच्या आयफोनमध्ये एलडॅक नाही, ॲप्टएक्सही नाही. आयफोन अशा इअरबड्सना एएसीने, नाहीतर एसबीसीने आवाज पाठवतो. म्हणजे त्या जोडीत जगातला सर्वोत्तम एलडॅक असता, तरी तो त्या फोनवरून ऐकवणे अशक्य होते. फाइल लॉसलेस, म्हणजे मूळ आवाजातले काहीही न गाळता साठवलेली, असली तरी हवेतून जाताना ती पुन्हा आवळली जातेच, त्यामुळे त्या शब्दाचाही तेथे काही संबंध नव्हता. विक्रेत्याला हे ठाऊक होते की तोही पढवलेलेच बोलत होता, हे मला आजही सांगता येणार नाही.

पुढचे तीन आठवडे मला आवाज फार सुंदर वाटला, हे कबूल केले पाहिजे. तंबोऱ्याची जवारी अधिक मोकळी लागते असे मी कार्यालयात दोघांना सांगितलेसुद्धा. जास्त पैसे दिलेला कान तक्रार करत नाही. ऐकून कोडेक ओळखता येतो अशी ज्यांची समजूत असेल, त्यांनी माझे हे तीन आठवडे ध्यानात ठेवावेत.

भाऊबीजेला भाच्याने इअरबड्स हातात घेतले, खोके मागितले, आणि विचारले, “मामा, एलडॅक चालू आहे का, पाहिलं होतंस?” तो चालू-बंद असतो हेच मला माहीत नव्हते. त्याने माझा अँड्रॉइड फोन घेतला, सेटिंग्जमध्ये फोनविषयीच्या माहितीत जाऊन बिल्ड नंबरवर सात वेळा बोट टेकवले, तेव्हा डेव्हलपर पर्याय नावाची एरवी लपलेली यादी उघडली. त्या यादीत ब्लूटूथ ऑडिओ कोडेक अशी एक ओळ असते. इअरबड्स कानात घालून गाणे सुरू ठेवले आणि ती ओळ उघडली, तर एएसीपुढे ठिपका होता. एलडॅकचे नाव यादीत होते, पण करड्या, विझलेल्या अक्षरांत, आणि त्यावर बोट ठेवले तरी काही होत नव्हते. काही फोनांवर ते दाबले जाते आणि यादी पुन्हा उघडली की ठिपका परत एएसीवर येऊन बसलेला दिसतो. अर्थ तोच.

दोष फोनचा की इअरबड्सचा, हे ठरवायला भाच्याने स्वतःचे सोनीचे हेडफोन माझ्या त्याच फोनला जोडले. यादीतला एलडॅक उजळला आणि ठिपका आपोआप त्यावर गेला. मग माझे इअरबड्स त्याच्या फोनला जोडले, तर तेथेही एएसी. दहा मिनिटांत निकाल लागला. हा उलटसुलट प्रयोग महत्त्वाचा आहे, कारण विक्रेत्याचे पहिले उत्तर नेहमी फोनकडे बोट दाखवणारे असते. वास्तविक २०१७ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ८ पासून एलडॅकने आवाज आवळण्याचा भाग अँड्रॉइडच्या खुल्या आज्ञावलीतच समाविष्ट आहे आणि म्हणून तो बहुतेक अँड्रॉइड फोनांत सापडतो. उलगडण्याचा भाग मात्र इअरबड्स बनवणाऱ्याला सोनीकडून परवाना घेऊन घालावा लागतो. खर्च तेथे असतो, आणि म्हणूनच वगळण्याचा मोहही तेथेच असतो.

खोके मी त्या दिवशी प्रथमच नीट पाहिले. हाय-रेस ऑडिओ वायरलेसचे, म्हणजे उच्च दर्जाच्या बिनतारी आवाजाची ग्वाही देणारे, सोनेरी चिन्ह, जे जपान ऑडिओ सोसायटी परवान्याने देते, ते खोक्यावर छापलेले नव्हते, वरून चिकटवलेले होते, आणि तेही किंचित तिरपे. अंगठा ओला करून घासला तर सोनेरी रंग अंगठ्यावर आला. आयात करणाऱ्याचे नाव आणि पत्ता, जो आयात केलेल्या वेष्टित मालावर असणे कायद्याने बंधनकारक आहे, तो कोठेच नव्हता.

चोविसाव्या दिवशी मी दुकानात गेलो. फोन काउंटरवर ठेवून यादी उघडून दाखवली. पहिले उत्तर अपेक्षेप्रमाणे आले, “तुमच्या फोनमध्ये लॉक असेल.” भाच्याच्या प्रयोगाची हकिगत सांगितल्यावर दुसरे आले, “ॲप टाका ना सर, त्यात हाय-रेस मोड आहे.” काही चांगल्या कंपन्यांच्या इअरबड्समध्ये एलडॅक सुरुवातीला बंद असतो आणि त्यांच्या ॲपमधून तो चालू करावा लागतो, काहींमध्ये तो चालू केला की एकाच वेळी दोन उपकरणांना जोडण्याची सोय बंद पडते, हे खरे आहे. म्हणून मी तेथेच ॲप उतरवून घेतले आणि तो मोड चालू केला. ढोलकी एकदम छातीवर आल्यासारखी वाजू लागली, पण कोडेकच्या ओळीतला ठिपका एएसीवरून हलला नाही. तो हाय-रेस मोड म्हणजे खर्ज वाढवणारा इक्वलायझर होता. शेवटी मी म्हटले, तुमच्या कोणाच्याही अँड्रॉइड फोनवर दाखवा. काउंटरमागच्या पोऱ्याने उत्साहाने आपला फोन काढला, इअरबड्स जोडले, यादी उघडली, मालकाकडे पाहिले आणि फोन पुन्हा खिशात ठेवला.

मग विषय बिलावर गेला. बिलावर हाताने लिहिलेले होते : टीडब्ल्यूएस (म्हणजे बिनतारी इअरबड्स), १ नग, ४,४९९. “यात एलडॅक कुठं लिहिलंय?” असे मालकाने विचारले, आणि खाली छापलेली ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही ओळ बोटाने दाखवली. या ओळीपाशी पुष्कळजण माघारी फिरतात. मीही फिरलोच असतो, पण निघण्यापूर्वी २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा वाचून गेलो होतो. त्यातल्या अनुचित व्यापारी प्रथेच्या व्याख्येत, सदोष माल बिलात सांगितलेल्या मुदतीत, आणि तशी मुदत सांगितलेली नसल्यास ३० दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे याचाही समावेश आहे. वस्तूच्या दर्जाविषयी वा गुणांविषयी खोटे विधान करणे तर त्या व्याख्येत आहेच. मी हे शांतपणे सांगितले. मालकाने, “करा काय करायचं ते,” असे तितक्याच शांतपणे सांगितले.

घरी येऊन मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि दुकानाला रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवले. पत्रासोबत खोक्याच्या चारही बाजूंची छायाचित्रे, बिलाची प्रत आणि कोडेकच्या यादीची दोन छायाचित्रे जोडली, एक माझ्या इअरबड्ससह आणि एक भाच्याच्या हेडफोनसह, दोन्हींत फोन तोच. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागण्याची तयारी आहे आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तेथे शुल्क नाही, हेही लिहिले. बाराव्या दिवशी दुकानातून फोन आला. आधी कूपन देऊ केले, मग दुसरे मॉडेल. मी पैसेच मागितले. ‘खोके फोडल्याबद्दल’ ४९९ रुपये कापून ४,००० रुपये यूपीआयने परत आले. त्या ४९९ रुपयांसाठी भांडायला हवे होते असे भाच्याचे मत आहे, आणि ते बरोबर असावे. मला कंटाळा आला होता.

आता कोणी माझ्यासोबत इअरबड्स घ्यायला आले, तर पैसे देण्यापूर्वी काउंटरवरच, जी जोडी घरी न्यायची तीच उघडायला लावून, घेणाऱ्याच्या स्वतःच्या फोनला जोडून ती यादी पाहतो. नमुन्याची जोडी किंवा दुकानदाराचा फोन चालत नाही. कोडेकचे नाव बिलावर लिहून मागतो. ज्याची वस्तू खरी आहे तो लिहून देतो, आणि जो “कंपनीने खोक्यावर लिहिलंय की,” असे म्हणतो, त्याच्याकडे आम्ही घेत नाही. घेणाऱ्याचा फोन आयफोन असेल, तर एलडॅकसाठी एक रुपयाही जास्त देऊ नये असे सांगतो, कारण तेथे अस्सल एलडॅकही निरुपयोगी ठरतो. फोनवर बोलताना आवाज नीट जावा म्हणून कोणी एलडॅक मागत असेल, तर त्याचेही पैसे वाया जातील, कारण बोलण्यासाठी ब्लूटूथ वेगळाच मार्ग आणि वेगळेच कोडेक वापरते. मला स्वतःला तर गर्दीच्या मेट्रोत त्याचा फारसा उपयोग झालाच नसता. जोडणीवर ताण आला की एलडॅक खालच्या ३३० किलोबिटांच्या पायरीवर उतरू शकतो, म्हणजे संख्येपुरते पाहिले तर एसबीसीच्या शेजारीच.

वडिलांच्या मैफली मी आता २,००० रुपयांच्या आतल्या इअरबड्सवर ऐकतो. त्यांच्या खोक्यावर एसबीसी आणि एएसी एवढेच लिहिलेले आहे आणि आत तेवढेच आहे. गेल्या महिन्यात त्या दुकानावरून गेलो, तेव्हा कपाटात तीच खोकी मांडलेली दिसली. सोनेरी चिन्ह आता सरळ चिकटवलेले होते आणि ब्लूटूथ ५.३ वर ५.४ ची नवी चिठ्ठी होती.