लार्प संमेलनासाठी इंदूरमध्ये हॉटेल: पलासियाचं जुनं की बायपासचं नवीन?

गेल्या महिन्यात तिघांनी वेगवेगळं विचारलं, दोघं इथलेच आणि एक बडोद्याचा, की लार्पचं (लाइव्ह अ‍ॅक्शन रोल प्ले, म्हणजे वेशभूषा करून, पात्र होऊन प्रत्यक्ष वावरायचे गेम) दोन-तीन दिवसांचं संमेलन घ्यायचं तर हॉटेल शहरात बघावं की बाहेर, आणि तुम्ही शहरातल्या पलासिया भागातलं चांगलं चाललेलं ठिकाण सोडून बायपासला का गेलात. तिघांनाही फोनवर अर्धवट सांगून झालं, म्हणून आता एकदा नीट लिहून काढतो. हॉटेलांची नावं लिहीत नाही. जुन्या ठिकाणी आम्ही चार वर्षं होतो, नव्या ठिकाणी दोन झाली, त्यामुळे दोन्हीकडचं बरं-वाईट माझ्या अंगावरून गेलंय, पण हे माझ्या ग्रुपपुरतं आहे, तुमचे गेम वेगळे असतील तर उत्तरही वेगळं येऊ शकतं.

खोल्या, एसी, वायफाय, पार्किंग यात वेळ घालवत नाही, दोन्हीकडे उन्नीस-बीस. पैशाचंही तसंच, शहरात खोली महाग पडते, बायपासला हॉल महाग पडतो, बेरीज फिरून तिथेच येते.

आधी पलासियाच्या बाजूने बोलतो, कारण ते ठिकाण मला अजून आवडतं. पुणे, नागपूर, भोपाळहून येणारी मंडळी स्टेशन किंवा सरवटे बसस्टँडवरून ऑटोत बसली की पटकन हजर. कुणाची पगडी विसरली, कुणाच्या ढालीचा फोम उखडला, तर पोरगं गाडीवर जाऊन फेव्हिकॉल घेऊन येतं. सकाळी हॉटेलचा नाश्ता सोडून सगळे चालत छप्पन दुकानवर, म्हणजे खाण्याच्या गल्लीत, पोहे-जलेबी खायला. आणि रात्री सराफा. सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की खाण्याचा बाजार मांडला जातो तो पार मध्यरात्रीनंतरपर्यंत, आमचा गेम बाराला संपला तरी सराफा जागाच असायचा, थंडीत गराडू, भुट्ट्याचा कीस, गरम जलेबी. बाहेरच्यांना ही चैन वाटेल पण खरं सांगतो, आमचं अर्धं डीब्रीफ, म्हणजे गेमनंतरचं मोकळं बोलणं, तिथे व्हायचं. चार तास दुसऱ्याचं आयुष्य जगल्यावर ते लगेच उतरत नाही, ब्लीड म्हणतात ते हेच, कॅरेक्टरचं दुःख आपल्या गळ्यात अडकून राहतं. खुर्च्या गोल मांडून "आता बोला" म्हटलं की नवीन पोरं गप्प बसतात, हातात गरम द्रोण दिला की बोलायला लागतात. हे मी चारही वर्षं बघितलंय.

मग सोडलं का? लॉबीमुळे. बाकी सगळ्या कुरबुरी सहन झाल्या असत्या, लॉबी नाही झाली.

जुन्या हॉटेलात हॉल तळमजल्यावर आणि खोल्या दुसऱ्या मजल्यापासून वर. हॉलमधून खोलीत जायचं तर रिसेप्शनसमोरून, सोफ्यांमधून, लिफ्टपर्यंत. दुसरा जिना स्वयंपाकघराचा, तिथून ट्रे घेऊन पोरं पळत असतात, मॅनेजरने तो वापरू दिला नाही आणि त्यात त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. फक्त हॉलमध्ये खेळायचं असेल तर हे चालून जातं. पण आमचे गेम खोल्यांमध्ये पसरलेले असतात, हॉल म्हणजे दरबार, २०४ म्हणजे माजघर, २०६ म्हणजे कचेरी, माणसं सतत ये-जा करतात आणि त्या ये-जा करण्यातच अर्धी गोष्ट घडते.

तिसऱ्या वर्षी आमच्याकडे विलीनीकरणाचा गेम होता. मे १९४८, होळकर संस्थान मध्यभारतात जाणार, २८ तारखेला नव्या राज्याचं उद्घाटन, त्याच्या आदल्या रात्री एका जुन्या सरदाराच्या वाड्यात जमलेली चौदा माणसं. ग्वाल्हेरचे शिंदे नव्या राज्याचे राजप्रमुख आणि इंदूरचे होळकर उपराजप्रमुख, हे इंदूरच्या जुन्या घरांमध्ये कसं उतरलं असेल एवढ्या एका प्रश्नावर सगळा गेम उभा होता. आमच्यातली एक ताई सरदाराची विधवा सून होती. तिच्याकडे सनदांची पेटी. दरबारात सासऱ्याचं बोलणं ऐकून तिने उठायचं, पेटी घेऊन एकटीने माजघरात जायचं आणि जाता जाता ठरवायचं की हे कागद नव्या सरकारला दाखवायचे की लपवायचे. दोन महिने तयारी केली होती तिने, आजीचं नऊवारी आणलं होतं, त्या काळातलं बोलणं बसवलं होतं. हॉलमधून निघाली तेव्हा आमच्या सगळ्यांच्या अंगावर काटा होता.

शनिवार, रात्रीचे पावणेअकरा, वरच्या बँक्वेटमध्ये लग्न. लिफ्टपाशी एक काका आणि दोन पोरं. "बेटा, कौन सा नाटक चल रहा है? एक फोटो हो जाए?" अगदी प्रेमाने विचारलं बरं का, त्यांचा काही दोष नाही. ती कशीबशी हसली, "नहीं अंकल, सॉरी" म्हणाली, तेवढ्यात लिफ्ट आली आणि त्यात आणखी चार वऱ्हाडी. २०४ मध्ये पोचली तेव्हा पेटी हातात होती आणि ती बाई गेलेली होती. तिने सीन पूर्ण केला, छान केला, पण दुसऱ्या दिवशी डीब्रीफमध्ये म्हणाली, "मला ती परत सापडलीच नाही." मी त्या गेमचा जीएम, म्हणजे गेम चालवणारा, होतो. ते वाक्य माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही.

उपाय केले नाहीत असं नाही. लिफ्टपाशी माणूस उभा केला, तर लोक त्यालाच विचारायला थांबायचे. बोर्ड लावला, "कृपया कलाकारांशी बोलू नका", तर बोर्ड वाचून आणखी गर्दी. चौथ्या वर्षी सगळे सीन हॉलमध्येच बसवून बघितले आणि गेम स्टेजवरच्या नाटकासारखे झाले, तेव्हा मी मनातून ते हॉटेल सोडलं.

आवाजाचंही लोक विचारतात, डीजेचं काय. दहानंतर बंद होतो ना, असं सगळ्यांना वाटतं. रात्री दहा ते सकाळी सहाची बंदी आहेच, २००० सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांमधली, पण त्यात बंदिस्त जागेतल्या कार्यक्रमाला सूट आहे आणि बँक्वेट हॉल त्यातच येतो. म्हणजे लॉनवरचा डीजे दहाला थांबेल, तुमच्या डोक्यावरच्या मजल्यावरचा थांबेलच असं नाही. बुकिंग करताना हे धरून चला.

ग्रुपमधल्या एका मुरलेल्या मित्राचं म्हणणं होतं की धनुर्मासात घ्या. डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत इकडे मलमास पाळतात, लग्नं जवळजवळ नसतात, हॉल रिकामे, भावही उतरतो. सल्ला खरंच चांगला आहे आणि शहरातच घ्यायचं असेल तर हाच करा. आम्ही एकदा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात घेतलंही. लग्न नव्हतं, पण कुठल्याशा कंपनीची डीलर मीट होती, आणि डीलरलासुद्धा तलवार दिसली की फोटो हवाच असतो. लॉबी लॉबीच राहते, माणसं बदलतात.

बायपासच्या हॉटेलात मागे वेगळा ब्लॉक आहे, खाली छोटा हॉल, वर दोन मजले खोल्या, समोर त्यांचंच छोटं लॉन, आणि आत जायचा रस्ता मागच्या गेटमधून. पूर्ण ब्लॉक घेतला की शुक्रवार संध्याकाळपासून रविवार दुपारपर्यंत त्या दारातून आमच्याशिवाय फक्त हाऊसकीपिंगची दोन माणसं येतात आणि तीही ठरलेल्या वेळेला. एवढंच, पण या एवढ्यानेच गेम बदलले. इंग्लंडमध्ये १९८२ साली पेकफर्टनच्या किल्ल्यात ट्रेझर ट्रॅप सुरू झालं, लार्पच्या अगदी सुरुवातीच्या खेळांपैकी एक, त्याचं वाचताना मला पूर्वी वाटायचं की मजा किल्ल्याची असणार. आता वाटतं की दगडी भिंतींइतकंच महत्त्व त्या जिन्याला असेल जिथे समोरून येणारा प्रत्येक माणूस गेममधलाच असतो. (तो किल्लाही आता हॉटेलच आहे.)

विलीनीकरणाचा गेम मागच्या वर्षी मुद्दाम परत घेतला, सून म्हणून तीच ताई. पेटी घेऊन निघाली, जिन्याच्या वळणावर थांबली, कुणी बघत नव्हतं, मी वरून दाराच्या फटीतून बघत होतो तेवढाच. पाच-सात मिनिटं ती पायरीवर बसून राहिली. हे स्क्रिप्टमध्ये नव्हतं. मग उठली आणि पेटी माजघरात न नेता परत दरबारात घेऊन गेली, सगळ्यांसमोर उघडली, आणि पुढचा सगळा गेम त्यावर फिरला. पलासियाला ती त्या पायरीवर बसूच शकली नसती.

आता बायपासच्या अडचणी, त्या खऱ्या आहेत. ट्रकांचे हॉर्न रात्रभर. गंमत अशी की त्याची सवय होते, तो आवाज कुणाला काही विचारत नाही ना. लॉनवर जानेवारीत रात्री थंडी चांगलीच बोचते, बाहेरचे सीन नऊच्या आत संपवा. बुफे साडेदहाला उचलतात, पंधरा-वीस डबे भरून ठेवायला आधीच लिहून घ्या, तोंडी सांगितलेलं शिफ्ट बदलली की हवेत. छोटी-मोठी खरेदी विसरा, शिवणाचा डबा, टेप, सेल, ग्लू गन सगळं सोबत न्या. आणि सगळ्यात मोठं म्हणजे येणं-जाणं. विमानतळ शहराच्या दुसऱ्या टोकाला, रात्री उशिरा कॅब कॅन्सल होतात, एकट्या येणाऱ्या मुलींना आम्ही गाडी पाठवतो आणि तो खर्च बजेटमध्ये धरतो. तुमचे निम्मे खेळाडू रोज घरून ये-जा करणारे असतील तर बायपास कदाचित जमणार नाही, तिथे पलासियाच बरं. एका हॉलमध्ये बसून होणारे गेम असतील तरीही बरं. पण गेम खोल्याखोल्यांतून फिरणारे असतील, तर मी तरी परत शहरात जाणार नाही.

बघायला जाल तेव्हा शनिवारी रात्री नऊनंतर जा, लग्नाच्या तारखेला, आणि हॉलपासून खोलीपर्यंत हातात एखादी पेटी घेऊन चालून बघा. सकाळी अकराला मॅनेजरसोबत गेलात तर दोन्ही ठिकाणं शांतच दिसतील.

सराफा मात्र आम्ही सोडला नाही. शनिवारी गेम अकरालाच संपवतो, साडेअकराला मागच्या गेटवर टेम्पो ट्रॅव्हलर उभी असते, पहिल्या वर्षी एक सांगितली होती तर दोन फेऱ्या कराव्या लागल्या, आता दोन गाड्या सांगतो. पगड्या-शेले खोलीत ठेवून, स्वेटर घालून सगळे बसतात, आणि सराफ्याजवळचा राजवाडा येईपर्यंत गाडीत कुणीतरी बोलायला लागलेलं असतं.