अडतीस डिस्क आणि एक लोहचुंबक

ब्रेकच्या डिस्कचे पैसे माझ्या खात्यातून गेले. त्याआधी ते अठरा जणांनी माझ्या शब्दावर माझ्याकडे दिले होते, एकोणिसावा मी. त्यामुळे या प्रकरणात मी फसलेला की फसवणारा, हे माझं मलाच अजून नीट ठरवता आलेलं नाही. थोडा थोडा दोन्ही असेन.

आम्हा सगळ्यांकडे एकाच मॉडेलची गाडी. कुणी सुटीच्या दिवशी ट्रॅकवर नेतो, कुणाला वळणावळणाचे उतार आवडतात. तक्रार मात्र सगळ्यांची एकच: दहा मिनिटं जोरात चालवली की पेडल मऊ पडतं आणि ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं. ‘डिस्क वाकली’ असं आम्ही म्हणायचो. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी तबकडी, जिला ब्रेक दाबल्यावर पॅड दोन्हीकडून आवळतात. खरं तर डिस्क सहसा वाकत नाही. तापलेल्या पॅडचं मटेरियल तिच्यावर कमीजास्त चिकटतं, जाडीत फरक पडतो आणि तो हाताला जाणवतो. मऊ पेडलचं कारण तर बहुतेक वेळा ब्रेक ऑइल उकळणं हेच असतं. डॉट ४ या दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पण ते हवेतलं पाणी शोषतं आणि पुरेसं पाणी शिरलं की हीच मर्यादा १५५ वर येते. म्हणजे आमच्यातल्या निम्म्या लोकांचं काम नवं ऑइल आणि बरे पॅड एवढ्यावर भागलं असतं. पण नवं ऑइल कुणाला दाखवता येत नाही. चाकाच्या आऱ्यांमधून चमकणारी डिस्क दाखवता येते.

विक्रेता ओळखीतून आला. थेट फाउंड्रीतून माल काढतो म्हणाला. डिस्क दोन भागांची: कडेची रिंग बिडाची आणि मधली वाटी, जिला हॅट म्हणतात, ती ॲल्युमिनियमची. दोन्ही बोल्टने जोडलेले, म्हणजे रिंग तापून फुगली तरी वाटीवर ताण येत नाही आणि वजनही घटतं. दहा जोड्या घेतल्या तर एक भाव, पंधराला त्याहून कमी, एकोणीस-वीसला आणखी कमी.

या पायऱ्यांच्या भावाने काय होतं ते मला फार उशिरा कळलं. तेरा नावं झाली आणि त्या तेरा जणांनीच पुढच्या दोघांना पटवायला सुरुवात केली. विक्रेत्याला तोंड उघडावं लागलं नाही. ‘अरे ये ना, दोनच कमी पडतायत’ असे फोन आमचे आम्हीच करत होतो. मी तर यादीच करून बसलो होतो, कुणाचे पैसे आले, कुणाचे यायचेत. बिनपगारी सेल्समन, तोही हौसेने.

नमुना मागितला तर त्याने लगेच पाठवला. चार दिवस माझ्याकडे होता आणि खोटं कशाला बोलू, डिस्क सुंदर होती. वाटी सोनेरी, भोवती दहा बोल्ट, रिंगवर वळणदार खाचा. स्वयंपाकघरातला वजनकाटा काढून तोलली: ८.२ किलो. आमची मूळची १०.३ भरते. काट्यावर ठेवलेल्या डिस्कचा फोटो काढून सगळ्यांना पाठवला, त्यात माझा हातसुद्धा दिसतोय. त्या एका फोटोवर उरलेली सहा नावं आली. पाचव्या दिवशी ‘दुसऱ्या एका पार्टीला दाखवायचाय’ म्हणून त्याने नमुना परत मागवला आणि मी तो व्यवस्थित गुंडाळून परत पाठवला. इतक्या प्रेमाने कुणी पुरावा परत करत नसेल. नमुना माल मिळेपर्यंत आपल्याकडे ठेवायचा असतो, त्यावर दोघांच्या सह्या असाव्या लागतात, हे आता मी कुणालाही सांगतो.

ठरलं होतं निम्मे आधी, निम्मे माल निघताना. आठवड्याभरात त्याचा फोन: ‘दादा, कच्च्या मालाचा भाव चढतोय, पूर्ण रक्कम आली तरच या लॉटमध्ये बसवतो.’ पाठवायचं खातं फर्मच्या नावाचं नव्हतं. विचारलं तर म्हणाला, ‘फर्मच्या खात्याचं ऑडिट चालू आहे, हे भावाचं आहे.’ आणि शेवटी, अगदी सहज, ‘शेऱ्यात हातउसने परत असं लिहा, म्हणजे बँक प्रश्न विचारत नाही.’

मी लिहिलं. ‘हातउसने परत’. एकोणीस गाड्यांच्या ब्रेकचे पैसे, आणि बँकेच्या नोंदीत मी एका अनोळखी माणसाचं जुनं देणं फेडलं. पुढे तक्रार घेऊन गेलो तेव्हा काउंटरपलीकडच्या बाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवून तो शेरा बोटाने दाखवला. काही बोलल्या नाहीत. बोलण्यासारखं होतंच काय?

सहा आठवड्यांत येणारा माल चौदा आठवडे आला नाही. साचा तडकला, मग कोटिंगची भट्टी बंद पडली, मग वाहतूकवाल्याने घोळ घातला. मधूनमधून फोटो यायचे. त्यातल्या एका फोटोत रचून ठेवलेल्या डिस्क होत्या आणि आमच्यातल्या सगळ्यात लहान पोराने त्यातली भोकं मोजली. ‘दादा, याला चारच बोल्टची जागा आहे. आपल्या गाडीला पाच लागतात.’ मी विक्रेत्याला विचारलं, तो म्हणाला तो दुसऱ्या गाडीचा लॉट आहे, फक्त पॅकिंग दाखवायला पाठवला. आणि मी, हे लिहिताना आजही कान गरम होतात, त्या पोराला सगळ्यांसमोर झापलं. ‘एवढी शंका असेल तर नाव काढून घे.’ तो गप्प बसला. बाकीचेही गप्प बसले. प्रत्येकाला वाटत होतं की खात्री दुसऱ्या कुणीतरी केली असेल, आणि तो दुसरा कुणीतरी मी होतो.

या दिरंगाईला अर्थ होता. ज्या दोघांनी मला कार्डावरून पैसे दिले होते त्यांनी नंतर कार्ड कंपनीकडे व्यवहारावर हरकत घ्यायचा प्रयत्न केला. एक तर मुदत उलटून गेली होती, आणि दुसरं म्हणजे त्यांचा व्यवहार माझ्याशी झाला होता, विक्रेत्याशी नव्हताच. प्रत्येकाने विक्रेत्याला परस्पर, कार्डाने, स्वतःच्या नावाच्या बिलावर पैसे दिले असते तर गोष्ट वेगळी झाली असती. सगळ्यांचे पैसे एका खात्यात गोळा करणं सोयीचं वाटतं. ती सोय फक्त समोरच्याची होते.

मग खोकी आली. एकोणीस नाही, अकरा. वरून माल झकास दिसत होता: काळी रंगवलेली वाटी, चकचकीत ॲलन बोल्ट, खाचा, भोकं. वाटी सोनेरी का नाही म्हणून विचारलं तर ‘या लॉटला काळा फिनिश’. काट्यावर ठेवली. ९.९ किलो. मी काटा बंद करून परत चालू केला. ९.९.

फ्रिजच्या दारावर पिझ्झाच्या जाहिरातीचा एक चपटा लोहचुंबक होता. तो काढून वाटीला लावला. ॲल्युमिनियमला लोहचुंबक चिकटत नाही, हे शाळेतलं पोरही सांगेल. टक् आवाज करून तो असा बसला की नखाने उचकटावा लागला. अख्खी डिस्क एकसंध बिडाची होती. वाटीत भोकं पाडून त्यात दहा बोल्ट पिळले होते, कशालाच न जोडणारे. निव्वळ दागिने.

आमच्यातला एक जण गॅरेज चालवतो. त्याने मायक्रोमीटर लावला. आमच्या गाडीची नवी डिस्क २८ मिलिमीटर जाड असते आणि २६ च्या खाली गेली की बदलायची. ही किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते. या डिस्कवर ती जागा ग्राइंडरने घासून काढली होती. मोजमाप आलं २६.७, २६.४, एक तर २६.१. म्हणजे कुणाच्या तरी गाडीतून काढलेल्या जुन्या डिस्क लेथवर तासून, रंगवून, आम्हाला नव्या म्हणून विकल्या होत्या. भोकंसुद्धा बाहेरून पाडलेली, आतल्या पंख्यांची, म्हणजे हवा खेळवणाऱ्या पात्यांची, पर्वा न करता. अर्धं भोक हवेच्या पोकळीत, अर्धं पंख्याच्या धातूत, आणि कडा तशाच धारदार. बीड तापून गार होत राहिलं की तडा अशाच कडेपासून सुटतो.

मी घाईघाईने सगळ्यांना बसवू नका म्हणून कळवलं. एकाने तोवर बसवल्या होत्या, तीन दिवस चालवल्याही होत्या. गाडी जॅकवर घेऊन डगमग मोजायचा डायल गेज लावला तर डिस्क फिरताना काटा ०.१४ मिलिमीटर हलत होता. साधारण ०.०५ च्या आत असावा लागतो. मग गॅरेजवाल्याने वाटीवर लाल रंगाचा तडे शोधायचा द्रव फवारला, पुसला, वर पांढरी पावडर मारली. आम्ही चौघे वाकून बघत होतो. दोनेक मिनिटांत पांढऱ्यावर केसाएवढी लाल रेघ उमटली, एका खोट्या बोल्टपासून चाकाच्या बोल्टच्या भोकापर्यंत. ब्रेक मारला की सगळा जोर त्या वाटीतूनच चाकाला पोचतो. ज्याची गाडी होती तो म्हणाला, ‘परवा मुलीला मागे बसवून उतारावरून आलो.’ पुढे कुणीच काही बोललं नाही.

विक्रेता सुरुवातीला फोन घ्यायचा, हे आश्चर्य. ‘माल दिलाय ना? क्वालिटीबद्दल बोलायचं तर बिल दाखवा.’ बिल नव्हतं. अकराच खोकी का पाठवली असतील, याचं कोडं तेव्हा सुटलं. काहीच दिलं नसतं तर ती सरळ फसवणूक ठरली असती. काहीतरी दिलं की तो ‘मालाच्या दर्जावरून वाद’ होतो, आणि पोलीस चौकीत मला नेमकं तेच ऐकवलं गेलं. तक्रार लेखी घेतली आहे. मागे लागतोय.

वर्तुळातल्या ‘ई’चा शिक्का, म्हणजे ब्रेकच्या बदली भागांना मिळणाऱ्या ईसीई आर-९० या मान्यतेची खूण डिस्कवर का नाही, हेही मी सुरुवातीला विचारलं होतं. ‘फायनल लॉटवर येईल’ हे उत्तर मी खिशात घालून घरी आलो होतो. शिक्का साच्यातून किंवा मशीनवर उमटतो, तो आश्वासनातून येत नाही. पण मला त्या दिवशी हो ऐकायचं होतं.

पैसे मी परत करतोय, दरमहा थोडे. दोघांनी नको म्हटलं, एकाने बोलणं बंद केलं. ज्या पोराला झापलं होतं तो म्हणाला, ‘माझे शेवटी द्या.’ त्याचे मी सगळ्यात आधी दिले.

मागच्या आठवड्यात एका अनोळखी माणसाचा फोन आला. वेगळी गाडी, वेगळा ग्रुप, सोळा नावं झालेली. त्यांच्याकडे एक फोटो आलाय म्हणाला: सोनेरी वाटीची डिस्क, खाली वजनकाटा, काट्यावर ८.२, बाजूला कुणाचा तरी हात. फोटो कुणाचा ते शोधत शोधत तो माझ्यापर्यंत आला होता.

‘तुम्हीच घेतल्यात ना या? कशा आहेत?’

मी विचारलं, ‘पैसे पाठवलेत का?’

‘उद्या पाठवायचेत.’

‘मग बसून घ्या,’ मी म्हटलं, ‘जरा वेळ लागेल.’