टीएनसी कमांड मोडमध्ये ठेवायचा की किसमध्ये?

जुना टीएनसी (हॅम रेडिओ आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये बसून डेटाची पॅकेटं पाठवणारा-घेणारा डबा) हाती लागला की पहिला प्रश्न हाच, टर्मिनल लावून कमांडवर चालवायचा की किस (KISS) मोडमध्ये टाकून सगळं कॉम्प्युटरवर सोपवायचं. माझ्याकडे असे दोन डबे आहेत आणि दोन्ही प्रकारे वापरून झालेत.

कमांड मोडमध्ये एएक्स-२५ या पॅकेट रेडिओच्या प्रोटोकॉलचं सगळं काम डब्यातच होतं. समोरच्याशी कनेक्ट होणं, अ‍ॅक (पोच) आला नाही तर पॅकेट परत पाठवणं, सगळं तोच बघतो, आपल्याला फक्त साधं टर्मिनल लागतं. मायकॉल (आपलं कॉलसाइन), अनप्रोटो (कनेक्ट न होता पाठवलेले मेसेज कुठे जायचे ते) आणि टीएक्सडिले (ट्रान्समिट सुरू झाल्यावर डेटा सोडण्याआधी थांबायचा वेळ) एवढं जमलं की काम सुरू. टीएक्सडिलेचा आकडा १० मिलिसेकंदांच्या हिशोबात असतो, म्हणजे ३० दिलं की ३०० मिलिसेकंद. माझी जुनी रिग (रेडिओ) पीटीटी म्हणजे ट्रान्समिटचा सिग्नल मिळाल्यानंतर जरा उशिरा स्थिरावते म्हणून मी ४० ठेवतो. एमएच टाइप केलं की कोण कोण ऐकू आलं त्याची यादी समोर येते, ती बघायला मला अजूनही मजा येते.

किसमध्ये डबा फक्त फ्रेम बांधतो, सोडवतो आणि चॅनेल मोकळा दिसला की ट्रान्समिट करतो, बाकी सगळं डोकं कॉम्प्युटरचं. फिल कार्न आणि माइक चेपोनिस यांनी १९८७ साली हे मांडलं ते टीसीपी-आयपी वगैरे इंटरनेटचे प्रोटोकॉल रेडिओवर चालवता यावं म्हणून, आणि त्यासाठी ते खरंच उत्तम आहे. मोबाइलवरून एपीआरएस (रेडिओवरून आपलं लोकेशन आणि छोटे मेसेज पाठवणं) करायचं असेल तर किसच लागेल बहुतेक. डायरवुल्फ हा सॉफ्टवेअर टीएनसी वापरत असाल तर तिथे कमांड प्रॉम्प्ट नाहीच, म्हणजे प्रश्नच मिटला.

पण माझं मत ज्यामुळे ठरलं ते सांगतो. मी एक डबा किस ऑन करून वापरला आणि तसाच बंद करून ठेवला, सेटिंग आतल्या बॅटरीवर टिकून राहतं हे डोक्यात नव्हतं. महिनाभराने संध्याकाळी आयएसएसचा (अंतराळ स्थानकाचा) छान उंच पास होता, म्हणजे ते डोक्यावरून जाणार होतं, १४५.८२५ मेगाहर्ट्झवर ऐकायची तयारी करून यागी अँटेना घेऊन गच्चीत गेलो, टर्मिनल उघडलं तर प्रॉम्प्टच नाही. एंटर मारतोय, कंट्रोल-सी मारतोय, बॉड रेट बदलतोय, केबल बदलतोय, डबा ढिम्म. पास असतो जेमतेम दहा मिनिटांचा, तो डोक्यावरून निघून गेला आणि मला वाटत राहिलं की डबा मेला. किसमधून बाहेर यायला १९२, २५५, १९२ हे तीन बाइट पाठवावे लागतात. ऑल्ट धरून आकडे टाइप करायची जुनी युक्ती आजच्या टर्मिनलमध्ये बऱ्याचदा चालत नाही, कारण यूटीएफ-८ मध्ये त्या एकेका अक्षराचे दोन-दोन बाइट जातात. शेवटी लिनक्सवर किसपार्म्स ही कमांड वापरून सुटका झाली.

कमांड मोडही बिघडतो हे मान्य. आतला सेल संपला की मायकॉल परत नोकॉल होतं आणि सगळं पुन्हा टाइप करावं लागतं. पण ते प्रॉम्प्टवर लगेच दिसतं हो, दोन मिनिटांत कॉलसाइन टाकून, अनप्रोटो सीक्यू व्हाया अ‍ॅरिस (म्हणजे आयएसएसमार्गे सगळ्यांना) देऊन, के दाबून मेसेज पाठवता येतो. किसमध्ये चूक कुठे आहे तेच कळत नाही, टीएक्सडिलेसुद्धा प्रोग्रामच्या कुठल्यातरी सेटिंगमध्ये जाऊन शोधायचा.

तुमचा उपयोग वेगळा असेल तर निर्णयही वेगळा होईल, पण पहिलाच डबा असेल तर मी म्हणेन कमांड मोडमध्येच काही महिने काढा. नंतर किसमध्ये टाकायचा असेल तर टीएनसी-२ प्रकारात आधी सिरियल पोर्टची सेटिंग म्हणजे एडब्ल्यूलेन ८ आणि पॅरिटी ० करा, मग किस ऑन आणि रीस्टार्ट. कँट्रॉनिक्स कंपनीच्या टीएनसीवर त्यासाठी इंटफेस किस आणि रीसेट असतं.

माझा एक डबा आता कायम किसमध्ये एपीआरएसला लावलेला आहे आणि त्याच्यावर ते तीन बाइट लिहून चिकटवलेत. गच्चीत आयएसएसला जाताना मात्र दुसराच नेतो.