नऊ माणसांच्या घरात सामायिक कॅलेंडर: दहा महिन्यांच्या वापरानंतर

सांगलीच्या गावभागात आमचे नऊ माणसांचे एकत्र घर आहे. मामा आणि आत्या, म्हणजे माझे सासरे आणि सासूबाई, आम्ही दोघे, धाकटे भाऊजी आणि जाऊबाई, माझी बारावीतली मुलगी, पाचवीतला मुलगा आणि जाऊबाईंची तीन वर्षांची लेक. माझे यजमान कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळ्यांमध्ये काम करतात, भाऊजी मार्केट यार्डात हळदीचा व्यापार सांभाळतात, जाऊबाई मिरजेच्या शाळेत शिकवतात आणि मी विश्रामबागेतल्या एका बँकेत आहे. गेल्या जूनपासून आम्ही सगळे मिळून गुगल कॅलेंडर वापरतो. फोनमध्ये आधीपासूनच असलेल्या या मोफत सोयीकडे आम्ही इतकी वर्षे ढुंकूनही पाहिले नव्हते. त्याने काय साधले आणि कुठे अडले, ते सविस्तर लिहिते आहे.

आधीची व्यवस्था दोनच ठिकाणी होती. एक स्वयंपाकघराच्या दाराशेजारचे कालनिर्णय आणि दुसरे माझे डोके. कालनिर्णयाच्या चौकटींत दुधाचा खाडा, गॅस लावल्याची तारीख आणि भिशीचा हप्ता एवढेच मावत असे. बाकी सगळे, म्हणजे यांची या आठवड्यात पाळी कोणती, मामांना डोळे तपासायला कधी न्यायचे, मुलाची सहल कोणत्या दिवशी, मावशी भांडी घासायला कधी येणार नाहीत, हे माझ्या लक्षात असते असे सर्वांनी गृहीत धरलेले होते. बँकेत दुपारचा डबा उघडला की फोन वाजायचा आणि पलीकडून एखादा प्रश्न यायचा. त्या कामाला दहा मिनिटे पुरत, पण कोण करणार आणि केव्हा करणार हे विचारण्यातच अर्धा दिवस जाई.

सुरुवात मुलीने करून दिली. गुगलमध्ये कुटुंबगट तयार केला की कुटुंबाचे कॅलेंडर आपोआप तयार होते, म्हणून आम्ही आधी तो मार्ग धरला. पण त्या गटात जास्तीत जास्त सहा जणांना जागा असते आणि आमच्या घरात फोन वापरणारे सात जण आहेत. सातवे कोणाला धरायचे यावरून जेवणाच्या ताटावर जी चर्चा झाली ती येथे लिहिण्यासारखी नाही. शेवटी तिने ‘घर’ नावाचे एक साधे, वेगळे कॅलेंडर काढले आणि संगणकावरून ते सातही जणांच्या खात्यांना जोडले. तेथे सहाची अट नाही. जोडताना समोरच्याने नुसते पाहायचे की बदलही करायचा, हे ठरवता येते. आम्ही सर्वांना बदलाचा अधिकार दिला आणि त्याचे परिणाम पुढे भोगले.

पहिला महिना जवळजवळ वाया गेला, तो का गेला हे मात्र सांगण्यासारखे आहे. मी नोंदी करत होते, आठवण मलाच येत होती आणि इतरांचे फोन गप्प होते. कॅलेंडर सामायिक असले तरी सूचना सामायिक नसतात. प्रत्येकाला आपापल्या फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘घर’ या नावाखाली सूचनेची वेळ स्वतः घालावी लागते, हे आम्हाला पंधरा दिवसांनी उमगले. दुसरी चूक यांची. यांनी तीन आठवडे मन लावून नोंदी केल्या, त्या सगळ्या त्यांच्या स्वतःच्या कॅलेंडरात गेल्या, कारण नवी नोंद करताना कोणते कॅलेंडर हे निवडले नाही तर ती मुकाट्याने खासगी खात्यात जाऊन बसते. तिसरी चूक जाऊबाईंची. त्यांनी ‘इव्हेंट’ऐवजी ‘टास्क’ निवडले, आणि टास्क ज्याचे त्यालाच दिसते. ज्यांना हे कॅलेंडर घरात सुरू करायचे आहे त्यांनी या तीन गोष्टी प्रत्येक फोनवर स्वतः तपासाव्यात. तेवढे केले की अर्धे रुसवेफुगवे टळतात.

सर्वांत जास्त उपयोग झाला तो यांच्या पाळ्यांसाठी. पहिली सात ते तीन, दुसरी तीन ते अकरा, तिसरी रात्री अकरा ते सकाळी सात, आणि दर आठवड्याला बदल. पुन्हा येणाऱ्या नोंदीत ‘दर ३ आठवड्यांनी’ असे घालता येते, म्हणून तिन्ही पाळ्यांच्या तीन नोंदी केल्या आणि वर्षभराचे चक्र एका संध्याकाळी बसून गेले. तिसऱ्या पाळीची नोंद मध्यरात्र ओलांडत असल्याने ती दोन्ही दिवसांवर दिसते, त्यामुळे सुरुवातीला आत्या दोनदा डबा भरायला निघाल्या. पण मुलाला शिकवणीला कोण सोडणार, मामांना दवाखान्यात कोण नेणार, पाहुणे कोणत्या रविवारी बोलवायचे, हे प्रश्न आता यांना न विचारता सुटतात. तिसऱ्या पाळीनंतर झोपलेल्या माणसाला कोणी उठवत नाही, एवढ्यानेच घरातली निम्मी चिडचिड कमी झाली.

आता तक्रारीचा भाग. दोन-तीन महिने गेले आणि माझ्या लक्षात आले, की माझे काम कमी होण्याऐवजी वाढले आहे. पूर्वी मला लक्षात ठेवावे लागत होते, आता लक्षात ठेवून शिवाय लिहावेही लागत होते. भाऊजी मोटारसायकल काढता काढता म्हणत, ‘वहिनी, पुढच्या शुक्रवारी मला निजामाबादला जायचं आहे, तुमच्या कॅलेंडरात टाकून ठेवा.’ ते ‘तुमच्या’ मला फार लागले. घराची डोकेदुखी फक्त कागदावरून फोनवर आली होती, डोके तेच होते. दिवाळीच्या आधी मी शांतपणे सांगितले, की ज्याचे काम त्यानेच नोंदवायचे, मला तोंडी सांगितलेले यापुढे सांगितल्यात जमा नाही. पुढच्याच महिन्यात भाऊजींच्या गाडीचा विमा संपला. मला माहीत होते, आणि मी बोलले नाही. त्यांना नऊ दिवस गाडी दारात उभी ठेवून रिक्षाने यार्डात जावे लागले. यात मला थोडा आनंद झाला हे कबूल करते. पण त्यानंतर त्यांनी स्वतःहून विमा, हळदीच्या सौद्यांचे दिवस, घरपट्टीची मुदत असे सगळे एका बैठकीत भरले. दहा महिन्यांतला खरा बदल याच दिवसापासून सुरू झाला असे मला वाटते, आणि तो कोणत्याही सेटिंगमध्ये सापडणारा नाही.

कॅलेंडरची खरी मर्यादा तिथीची आहे. आपल्या घरात निम्म्या गोष्टी तारखेने चालतात आणि निम्म्या तिथीने. वीज बिल, शाळा, विमा तारखेने. श्राद्ध, गौरी, संकष्टी, कुलधर्म तिथीने. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचे, म्हणजे इंग्रजी वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवस कमी, आणि तो फरक भरून काढायला दर बत्तीस-तेहतीस महिन्यांनी अधिक मास येतो. त्यामुळे ‘दरवर्षी’ असे लिहिलेली नोंद तिथीच्या कामासाठी हमखास चुकते. माझ्या आजेसासूबाईंचे श्राद्ध अविधवा नवमीला असते. मी जूनमध्ये आदल्या वर्षीच्या वहीतली तारीख पाहून दरवर्षीची नोंद करून टाकली. पितृपक्ष लागला तेव्हा आत्यांनी भिंतीकडे पाहत विचारले, ‘अगं, नवमी सोमवारी आहे, गुरुजींना सांगितलंस का?’ फोनच्या हिशेबाने ती त्या सोमवारनंतर दहा दिवसांनी होती. गुरुजी मिळाले, पण दक्षिणेपेक्षा बोलणी जास्त खावी लागली. तेव्हापासून कालनिर्णयाचा नवा अंक आला, की डिसेंबरातल्या एका रविवारी आत्या चष्मा लावून वाचतात आणि मुलगी वर्षभराच्या तिथी एकेक करून भरते. पाऊण तास लागतो. भिंतीवरचे कॅलेंडर काढून टाकता येईल असे मला जूनमध्ये वाटले होते, आता तसे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

दुसरा उपयोग ज्याची मी कल्पनाही केली नव्हती, तो पुराचा. गावभागात राहणाऱ्यांना २०१९ चा ऑगस्ट वेगळा सांगावा लागत नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. आमचा तळमजला पाण्याखाली होता आणि त्या रात्री आम्ही जे वर नेले त्यात एक शिलाई मशीन आणि दिवाळीचे आकाशकंदील होते. मुलांचे जन्मदाखले आणि घराचा उतारा मात्र खालच्या कपाटातच राहिला. कागद वाळवताना मामांचे हात थरथरत होते ते मी विसरलेले नाही. म्हणून गेल्या जुलैच्या पहिल्या तारखेला ‘पूर’ अशी दिवसभराची नोंद करून तिच्या तपशिलात कामे नावानिशी लिहिली. कागदांची पेटी माझ्याकडे, मामांची महिन्याची औषधे जाऊबाईंकडे, इन्व्हर्टरची बॅटरी आणि सिलिंडर यांच्याकडे, धान्याचे डबे भाऊजींकडे, पुस्तके मुलांकडे. हे तिसऱ्या पाळीत असतील तर बॅटरी कोण उचलणार, हेही लिहिले. ऑगस्टमध्ये कोयनेतून विसर्ग वाढल्याच्या बातम्या आल्या आणि पाणी ४० फुटांकडे सरकू लागले, तेव्हा कोणी कोणाला काही विचारले नाही. संध्याकाळपर्यंत सगळे वरच्या मजल्यावर होते. पाणी आमच्या दारापर्यंत आले नाही आणि दोन दिवसांनी ते सगळे पुन्हा खाली आणावे लागले, त्याची नोंद मात्र कोणाच्याच नावे नव्हती.

बाकी काही लहान गोष्टी. सर्वांना बदलाचा अधिकार असल्यामुळे कोणाच्याही हातून काहीही पुसले जाऊ शकते. भाऊजींनी एका दिवसाची पाळी काढताना ‘सर्व’ हा पर्याय दाबला आणि वर्षभराची दुसरी पाळी नाहीशी झाली. पुसलेल्या नोंदी तीस दिवस कचरापेटीत राहतात आणि संगणकावरून परत आणता येतात, हे त्या दिवशी कळले. खासगीपणाचेही असेच आहे. सामायिक कॅलेंडरात एखादी नोंद ‘खासगी’ केली तरी ज्यांना बदलाचा अधिकार आहे त्यांना ती दिसतेच. जाऊबाईंची दवाखान्याची एक वेळ अशी सर्वांना दिसली आणि आत्यांनी प्रेमापोटी का होईना, चार प्रश्न विचारले. स्वतःपुरते जे असेल ते स्वतःच्याच कॅलेंडरात ठेवावे. शोधताना लिपी आडवी येते. मुलीने इंग्रजी अक्षरांत लिहिलेला गॅस मला देवनागरीत शोधून सापडला नाही, म्हणून आता सगळे देवनागरीतच लिहितो. भाऊजींच्या फोनमध्ये बॅटरी वाचवण्याची सोय चालू असल्यामुळे सूचना तासभर उशिरा येत, ती त्या अॅपपुरती बंद करावी लागली.

मामांनी हे कॅलेंडर शेवटपर्यंत स्वीकारलेले नाही. ‘घरातल्या माणसांची ये-जा लिहून ठेवायला हे काय धर्मशाळा आहे का?’ असे ते म्हणतात. त्यांच्यासाठी दर रविवारी मुलगा पुढच्या आठवड्याच्या ठळक गोष्टी एका कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून त्यांच्या खुर्चीसमोर लावतो. हे काम त्याच्या नावे नोंदवलेले आहे. दुधाचा खाडा अजून भिंतीवरच आहे, कारण गवळी महिन्याच्या शेवटी येऊन त्याच चौकटी मोजतो आणि त्याला फोन दाखवून हिशेब पटत नाही. किराण्याची यादी आम्ही कॅलेंडरात घालून पाहिली आणि सोडून दिली, ती वेगळ्या यादीतच बरी.

गणपतीचे पाच दिवस मात्र यंदा सुखाचे गेले. संस्थानच्या गणपतीचे विसर्जन पाचव्या दिवशी असल्याने त्या दुपारनंतर आमच्या भागात वाहन घालणे कठीण होते, म्हणून फुले, नारळ, मिरजेहून येणाऱ्या नणंदबाई, सगळ्यांच्या वेळा सकाळच्या ठेवल्या होत्या. मी त्या दिवशी चार वाजता बसून चहा प्यायले. लग्न झाल्यापासून विसर्जनाच्या दिवशी बसून प्यायलेला तो माझा पहिला चहा असावा.

मागच्या आठवड्यात बँकेत असताना फोन वाजला. नोंद आत्यांची होती, फोनला तोंडी सांगून केलेली: ‘कुरडईचा गहू भिजत घालणे.’ तिच्याखाली पुढचे तीन दिवस ‘पाणी बदलणे’, चौथ्या दिवशी ‘दळणे, चीक निवळायला ठेवणे’ आणि पाचव्या दिवशी सकाळी सहाला ‘चीक शिजवणे, गच्ची’. पाणी बदलण्यापुढे जाऊबाईंचे नाव होते, सोऱ्यापुढे माझे. यांची त्या आठवड्यात दुसरी पाळी होती, म्हणजे सकाळी घरी, हे पाहून चीक घोटायला त्यांचे नाव घातलेले होते. मला कोणीही काहीही विचारलेले नव्हते.